हुकुमाची नोंद कोणाच्या हाती

जुन्नरविषयी लिहावयास बसलेला मनुष्य बहुधा शिवनेरीच्या पायथ्यापासून वर चढू लागतो, आणि ज्या किल्ल्यावर १६३० साली शिवछत्रपतींचा जन्म झाला त्या किल्ल्याच्या बाबतीत हे स्वाभाविकही आहे. पण मराठी राज्याच्या कारभाराला या गावाने आणखी एक वस्तू पुरविली, जिचा उल्लेख करण्याचे कारकुनांना कधी सुचले नाही, कारण ते रोज तिच्यावरच लिहीत होते. जुन्नरी कागद हा जुन्या दफ्तरांत वावरलेल्या संशोधकांना दौलताबादी कागदाइतकाच परिचित आहे. कुकडीकाठच्या या गावात कागदी लोकांची वस्ती होती. लगदा कुटावा, धुवावा, हौदातून चौकटीवर अलगद उचलून घ्यावा, भिंतीवर चिकटवून वाळवावा आणि खळ देऊन घोटावा, अशा क्रमाने सिद्ध झालेल्या त्या कागदावर बोरूने ओढलेली मोडी आज दोनअडीचशे वर्षांनंतरही वाचता येते, ही गोष्ट त्या कारागिरांच्या नावे कोणी लिहून ठेवलेली नसली तरी त्यांच्याच पदरात टाकली पाहिजे.

राज्यात हुकूम सुटणे ही एक गोष्ट आणि सुटलेल्या हुकुमाची नोंद होणे ही दुसरी. आणि ही दुसरी गोष्ट हुकूम सोडणाऱ्याच्याच हाती ठेवावी की अन्य कोणाच्या, हा कारभाराचा फार जुना व अवघड प्रश्न आहे. या प्रश्नाची जी उत्तरे जुन्नर-आंबेगावाच्या परिसरात आणि पुढे अगदी अनपेक्षित अशा एका ठिकाणी, म्हणजे बँका व विमा कंपन्या यांचा हिशेब वाहणाऱ्या मेनफ्रेम नावाच्या अजस्र संगणकांत, शोधली गेली, त्यांचा वृत्तांत सांगण्याचे येथे योजिले आहे.

नोंदीची सवय या मुलखाला पेशव्यांनी लावली असे मात्र नाही. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरून घाट चढून जुन्नरकडे येणारा माल ज्या नाणेघाटाने येई, त्या घाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा सुप्रसिद्ध लेख कोरलेला आहे. घाटावर एक दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी पडत असे सांगतात, आणि पावसाळ्यात तेथे जाणारी मंडळी त्या रांजणाशेजारी उभी राहून छायाचित्रे काढतात. पण माझ्या मते त्या जागेचे खरे महत्त्व लेण्याच्या भिंतीवर आहे. केलेले यज्ञ आणि प्रत्येक यज्ञात दिलेली दक्षिणा, हजारो गायी, घोडे, एके ठिकाणी २४,४०० कार्षापण, असा तो सारा मजकूर पुण्यसंचयाच्या निमित्ताने कोरलेला असला तरी त्याची घडण जमाखर्चाची आहे, आणि भारतातील अंकचिन्हांच्या अत्यंत प्राचीन नमुन्यांत त्यातील आकड्यांची गणना होते. जुन्नरच्याच लेण्यांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे, आणि नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याचा ४६व्या वर्षाचा लेखही येथेच मानमोडीच्या डोंगरात आहे. त्याच नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यात जो लेख कोरविला त्यात विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवलेल्या ३,००० कार्षापणांचा व्याजासह तपशील देऊन शेवटी असे नमूद केले आहे की, हे सर्व निगमसभेत ऐकविले गेले आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदले गेले. दाता राजाचा जावई. तरीही त्याच्या दानाची नोंद नगराच्या सभेत, इतरांच्या देखत आणि इतरांच्या हाताने होते. इतक्या जुन्या काळी ही काळजी घेतली गेली होती, एवढे लक्षात ठेवून आपण पेशवाईकडे वळू.

पेशव्यांच्या अमलात प्रांतावर हुजुरातून मामलेदार अथवा कमाविसदार नेमला जाई. निघताना त्याच्याबरोबर बेहडा दिला जाई, म्हणजे त्या महालाच्या उत्पन्नाचा व नेमणुकीच्या खर्चाचा अदमास. आणि वसूल येण्याच्या आधीच काही रक्कम रसद म्हणून सरकारात भरून घेतली जाई. महालात पोचल्यावर वसूल, बंदोबस्त, न्यायमनसुबी असा सारा अखत्यार त्याच्याकडे असे. एवढा अखत्यार एका माणसाच्या हाती देऊन हुजूर निर्धास्त झोपेल अशी कोणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. कमाविसदाराच्या कचेरीत त्याच्याभोवती दरकदारांची एक मालिकाच बसविलेली असे. दिवाणाने पत्रांवर व हुकुमांवर आपली निशाणी करावी. मुजुमदाराने कागद व हिशेब प्रथम पाहून पुढे सोडावेत. फडणिसाने त्यावर तारीख घालून त्याच दिवशी रोजकीर्दीत त्याची नोंद करावी. दफ्तरदाराने रोजकीर्दीवरून खतावणी उतरवून दरमहा तिचा गोषवारा हुजुरात रवाना करावा. पोतनिसाने जमा-शिलकेचा हिशेब ठेवावा. पोतदाराने, आणि हे पोतदार कचेरीत बहुधा दोन असत, नाणे पारखावे. चिटणिसाने पत्रव्यवहार पाहावा. यांपैकी कोणाचेही काम दुसऱ्याने परस्पर उरकून टाकू नये, असा शिरस्ता होता.

ही रचना कागदावर कशी दिसत असे ते एखाद्या हुकुमाचा माग काढल्याशिवाय कळत नाही. समजा, घोडेगावाकडील एखाद्या देवस्थानाला नेमणुकीप्रमाणे दिवाबत्तीचे पाच रुपये पोचते करावयाचे आहेत. कमाविसदाराने तोंडाने ‘द्या’ म्हटले तरी पोतडीची गाठ सुटत नाही. मजकूर लिहिला जातो. मुजुमदार नेमणुकीच्या यादीत ते देवस्थान व ती रक्कम आहे किंवा कसे हे ताडून पाहतो. फडणीस तारीख घालतो व रोजकीर्दीत रक्कम चढवितो. त्यानंतरच पोतनीस रोकड काढतो आणि पोतदार नाणे बोटांवर घेऊन वाजवून पाहतो. मोठ्या सनदा-पत्रांच्या शेवटी मोर्तब उमटे, आणि त्याच्या खाली कोणाला एक ओळसुद्धा वाढविता येत नसे. मजकुराची मर्यादा तेथे संपली, हे ‘लेखनसीमा’ या अक्षरांच्या शिक्क्याने ठरून गेलेले असे. कागद दफ्तरात चढला याची खूण म्हणून ‘बार’ असा शेरा पडे, आणि मूळ कागदाशी ताडून पाहिल्याची खूण म्हणून ‘रुजू’. जुन्या कागदांवरील हे बारीक शेरे छापील प्रतींत पुष्कळदा गाळले जातात अथवा कंसात कोंबले जातात, याचे मला नेहमी वाईट वाटत आले आहे. कारण मजकुरावरून धन्याने काय फर्माविले एवढेच समजते, पण ते फर्मान कोणाकोणाच्या नजरेखालून गेले हे समजण्यास त्या शेऱ्यांवाचून दुसरे साधन नसते.

या व्यवस्थेचा सगळा जोर एका कलमात होता. दरकदार कमाविसदाराचे नोकर नव्हते. त्यांच्या नेमणुका हुजुरातून होत, दरक बहुधा वंशपरंपरेने चाले, आणि कमाविसदाराची मर्जी खप्पा झाली तरी त्यांना बरतरफ करण्याचा अखत्यार त्याला नसे. त्याखेरीज देशमुख-देशपांडे हे पिढीजात वतनदार गावोगावच्या कुळकर्ण्यांच्या कागदांवरून आपले हिशेब निराळे ठेवीत, आणि कमाविसदाराने पाठविलेला हिशेब त्यांच्या हिशेबाशी जुळल्याखेरीज हुजूर दफ्तरात मंजूर होत नसे. पुण्यास एकबेरीज दफ्तरात सगळ्या खात्यांचे गोषवारे एकत्र येत, तेथे त्यांची वर्गवारी होई आणि राज्याच्या जमाखर्चाचा तर्जुमा तयार होई. नाना फडणिसांच्या वेळी हे सारे यंत्र उत्तम चालत होते. ज्यांनी भीमाशंकराच्या देवळाचे शिखर बांधविले तेच नाना हिशेबात एका रुपयाचा फरक निघाला तरी तो कारकुनाला परत पाठवीत असत अशी आख्यायिका मराठी माणसाला ऐकून ठाऊक आहे. आख्यायिकेचे सोडून दिले तरी त्यांच्या काळातील दफ्तराची टापटीप हा पुरावा पुरेसा बोलका आहे.

तरीही हे यंत्र कोठे गंजले तेही सांगितले पाहिजे, आणि या भागात मला सर्वांत अधिक शिकण्यासारखे वाटते. मामलेदारांच्या हिशेबात दरबारखर्च नावाचे एक सदर असे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशवाई बुडाल्यानंतर लिहिलेल्या अहवालात या सदराची हकिगत दिली आहे, ती थोडक्यात अशी: दरबारातील मुत्सद्द्यांना व खुद्द हिशेबतपासनिसांना द्यावयाची लाच म्हणून ही रक्कम प्रथम छपून वसूल होई, पुढे ती इतकी रूढ झाली की ठरलेली फी बनली आणि इतर खर्चाबरोबर तिचीही रीतसर तपासणी होऊ लागली, पण लाच देण्याची गरज काही संपली नव्हती, म्हणून तिच्यासाठी पुन्हा नवी रक्कम रयतेकडून गोळा होऊ लागली, आणि अशा नाजूक व्यवहाराच्या खोलात तपासनीस शिरत नसल्यामुळे मामलेदार पाठीराख्यांसाठी घेतलेल्या रकमेहून पुष्कळ अधिक स्वतःसाठी ठेवू लागला. तपासनिसाला दिलेली लाच तपासनीसच हिशेबात मंजूर करतो, याहून विलक्षण देखावा हिशेबाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. नोंद चोख होती, शेरे जागच्या जागी होते, बेरीज बरोबर होती. फक्त तपासणाऱ्याचे पोट ज्याची तपासणी करावयाची त्याच्या हाती गेले होते.

दुसऱ्या बाजीरावाने तर मूळ खांबच काढून घेतला. मामलती मक्त्याने जास्तीत जास्त बोली करणाऱ्यास देऊन टाकण्याचा प्रघात पडला, आणि ज्याने सगळा महालच मक्त्याने घेतला त्याला मुजुमदाराने काय विचारावयाचे आणि फडणिसाने काय नोंदवावयाचे? दरकदार राहिले, पण त्यांचा दरक उरला नाही. हुजूर दफ्तराची आबाळ झाली, कारकून कमी झाले, आणि लोकांना कागद घरी घेऊन जाण्यासही मज्जाव राहिला नाही, असे पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनी नमूद केले. १८१८ साली जुन्नर इंग्रजांकडे गेले, आणि त्यानंतर दहाबारा वर्षांनी पुणे जिल्ह्यात प्रिंगलने जी जमीनपाहणी केली तीही, हाताखालील पाहणी-कामगारांवर तपास न राहिल्यामुळे, इतकी सदोष ठरली की इंदापुराकडे गोल्डस्मिड आणि विंगेट यांना नव्याने आरंभ करावा लागला. तपशीलात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही.

एक गोष्ट जाता जाता. ज्या आंबेगावाच्या नावाने आज तालुका ओळखला जातो, ते मूळ आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावास आहे. गाव पाण्याखाली आणि नाव दफ्तरात, अशी ही स्थिती पाहिली म्हणजे नोंद ही कधी कधी वस्तूपेक्षा दीर्घायुषी असते हे मान्य करावे लागते.

याच मुलखात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन मोठी यंत्रकेंद्रे उभी राहिली. नारायणगावाजवळ आर्वी येथे १९७१ साली उपग्रह-संदेशवहनाचे भूकेंद्र सुरू झाले आणि परदेशाशी होणारे दूरध्वनी त्या प्रचंड तबकडीवरून जाऊ-येऊ लागले. पुढे खोडदला गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली गेली आणि २००१ साली ती राष्ट्राला अर्पण झाली. ती बांधणारी संस्था म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था; आणि याच संस्थेने १९६४ साली मुंबईत सी.डी.सी. ३६०० हा त्या काळचा मोठा संगणक बसविला होता, ज्याच्यावर देशभरच्या संशोधकांची गणिते सोडविली जात. अशा महागड्या यंत्रावर एकाच माणसाला दिवसभर बसवून चालत नाही. अनेकांची कामे एकामागून एक, आणि लवकरच एकाच वेळी, चालविणे भाग असते. मग एकाचा प्रोग्राम दुसऱ्याच्या स्मृतीत शिरला, किंवा दुसऱ्याची टेप पुसून बसला, तर? जुन्नरच्या कचेरीतील प्रश्न यंत्राच्या पोटात पुन्हा उपस्थित झाला तो अशा रीतीने.

त्याचे सर्वांत प्रभावी उत्तर त्याच वर्षी, ७ एप्रिल १९६४ रोजी, आय.बी.एम. कंपनीने जाहीर केलेल्या सिस्टिम ३६० या यंत्रमालिकेत आहे. या यंत्राला दोन अवस्था आहेत. सर्वसामान्य प्रोग्राम एका अवस्थेत चालतो, जेथे बेरीज-वजाबाकी, तुलना, आपल्या वाट्याच्या स्मृतीत लिहिणे-पुसणे एवढेच त्याला करता येते. टेप, चकती, छपाईयंत्र यांना हात लावण्याच्या आज्ञा मात्र त्या अवस्थेत चालतच नाहीत. त्या चालतात फक्त सुपरवायझर अवस्थेत, आणि ती अवस्था ऑपरेटिंग सिस्टिमसाठी, म्हणजे यंत्राच्या अंतर्गत कारभाऱ्यासाठी, राखलेली असते. प्रोग्रामला काही हवे असेल तर त्याने सुपरवायझर कॉल करावा, ज्याला त्या धंद्यातील लोक एस.व्ही.सी. म्हणतात. ही आज्ञा अवघ्या दोन बाइटांची आहे. पहिल्या बाइटात षोडशमान पद्धतीने लिहिलेले ‘०ए’ हे चिन्ह, दुसऱ्यात ० ते २५५ पैकी एक क्रमांक. एवढाच काय तो अर्ज. आज्ञा वाचताच यंत्र प्रोग्रामची चालू स्थिती स्मृतीच्या ३२व्या स्थानी जपून ठेवते, ९६व्या स्थानावरून नवी स्थिती उचलते, आणि त्या क्षणापासून कारभारी जागा होतो. क्रमांक ४ असेल तर जागा मागितली आहे, १९ असेल तर फाइल उघडावयाची आहे, २० असेल तर मिटावयाची आहे, ३५ असेल तर यंत्रचालकाच्या पुढ्यात एक संदेश उमटवावयाचा आहे, आणि १३ असेल तर प्रोग्रामने स्वतःचाच अकाली शेवट जाहीर केला आहे. कारभारी एका तक्त्यात त्या क्रमांकापुढील पत्ता पाहतो, तेथील कारकुनाकडे काम सोपवितो, आणि काम संपले की अर्जदाराला पूर्वीच्या मर्यादित अवस्थेत परत पाठवितो.

एकच दरवाजा आणि त्यावर क्रमांकवार अर्ज, ही रचना इतकी देखणी आहे की प्रथमदर्शनी आणखी काही हवे असे वाटत नाही. पण कोणता अर्ज कोणी, केव्हा आणि कशासाठी केला याची नोंद कोठे होते? आरंभी ती होत नव्हती म्हटले तरी चालेल. साठच्या दशकाच्या अखेरीस एस.एम.एफ. नावाची नोंदवही ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आली, आणि तिचे मूळ प्रयोजनही ध्यानात घेण्यासारखे आहे: कोणत्या खात्याने यंत्राचा किती वेळ वापरला, किती टेपा फिरविल्या, याचा हिशेब काढून त्या खात्याच्या नावे खर्च टाकणे. कमाविसदाराच्या रोजकीर्दीप्रमाणेच यंत्रातील तपासणीही वसुलाच्या पोटी जन्मास आली. चोर पकडण्याचे काम तिच्याकडे मागाहून आले. फाइल वाचून मिटली की १४ क्रमांकाची नोंद, लिहून मिटली की १५ची, काम सुरू झाले वा संपले की ३०ची, अशी ती वही भरत जाते. प्रत्येक सुपरवायझर कॉलची नोंद मात्र ती घेत नाही, आणि घेऊही शकत नाही. कारण गजबजलेल्या यंत्रावर दर सेकंदाला इतके कॉल होतात की सगळे लिहून ठेवू म्हटले तर लिहिण्यातच यंत्राचा वेळ जाईल. प्रत्येक कॉलचा माग काढण्याचे निराळे साधन आहे, पण ते थोड्या वेळापुरते, एखादा दोष शोधण्यासाठी लावावयाचे. तेव्हा तपासनिसाचे पहिले कौशल्य असे की, कोणत्या दरवाजांवर पहारा ठेवावयाचा हे त्याला निवडता आले पाहिजे.

आणि येथे त्याला ती जुनी जागा सापडते, जिचा मासला आपण दरबारखर्चात पाहिला. ० ते १९९ हे क्रमांक आय.बी.एम.ने स्वतःकडे ठेवले. २०० ते २५५ हे ज्या संस्थेने यंत्र घेतले तिच्या स्थानिक गरजांसाठी मोकळे सोडले. एखाद्या बँकेला आपल्या विशिष्ट कामासाठी नवा कॉल लिहावयाचा असेल तर तिने त्या क्रमांकांतून एक घ्यावा. सोय योग्यच होती. पण घाईत असलेल्या, रात्रपाळीत कंटाळलेल्या, किंवा नुसत्या हुशार अशा अनेक सिस्टिम प्रोग्रामरांनी त्या मोकळ्या क्रमांकांवर असे कॉल बसविले की, जो कोणी तो क्रमांक पुकारील त्याला काही न विचारता सुपरवायझर अवस्थेत सोडावे. दोन बाइटांच्या त्या आज्ञेने मग यंत्राचे सगळे कुलूपबंद कोठार उघडे पडे. १९७३ साली आय.बी.एम.ने जाहीर हमी दिली की, अधिकार नसलेल्या प्रोग्रामला संरक्षण ओलांडता आले तर तो आपला दोष समजून आपण दुरुस्त करू. पण ग्राहकाने स्वतः वाढविलेल्या अधिकारी कॉलची जबाबदारी ग्राहकाची, हेही त्याच वेळी स्पष्ट केले. मेनफ्रेमच्या हिशेबतपासनिसाचे निम्मे आयुष्य या ५६ क्रमांकांत जाते. तो तक्ता काढतो, प्रत्येक क्रमांकापुढील पत्ता मूळ कोठाराशी रुजू करतो, कारण मूळ कॉलचाच पत्ता कोणी बदलून मध्ये आपला कारकून बसविला असेल तर तोही त्याच ताळ्यात उघडा पडतो. मग प्रत्येक स्थानिक कॉलचा मूळ मजकूर मागवून बोट ठेवून वाचतो आणि विचारतो की हा कॉल करणारा कोण आहे हे कॉलने तपासले आहे काय, त्याने दिलेला पत्ता त्याच्याच वाट्याच्या स्मृतीत आहे काय, आणि परत पाठविताना त्याला पूर्वीच्याच अवस्थेत पाठविले आहे काय. पुष्कळदा मूळ मजकूर सापडत नाही. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो आणि कॉल मात्र चालूच असतो. अशा कॉलला मुदत देऊन काढून टाकणे हाच एक उपाय.

१९७६ साली आय.बी.एम.ने रॅक्फ नावाची जी संरक्षणव्यवस्था आणली तिच्यात मला पेशवाईतील मुजुमदाराचा खराखुरा वारसदार दिसतो. या व्यवस्थेत अधिकारांचे तीन निरनिराळे मान आहेत. एकाकडे लोकांची नावे चढविणे-उतरविणे व त्यांना हक्क देणे हे काम. दुसऱ्याकडे दैनंदिन देखभालीसाठी फाइलींना हात लावण्याची मुभा. आणि तिसरा, ज्याला ऑडिटर म्हणतात, त्याच्याकडे फक्त काय नोंदवावयाचे हे ठरविण्याचा अखत्यार. हक्क देणाऱ्या बड्या अधिकाऱ्यालाही ऑडिटरने लावलेली नोंद आपल्या हक्काच्या जोरावर बंद करता येत नाही, आणि ऑडिटरला कोणाला हक्क देता येत नाही. पळवाट एक राहतेच: हक्क देणारा मनात आणील तर ऑडिटरचा मान स्वतःलाच देऊ शकतो. पण तसे केल्याची खूण प्रत्येक खात्याच्या नोंदीत उरते, आणि ती यादी दर तिमाहीला संगणक-खात्याबाहेरच्या माणसाने पाहिली तर लपत नाही. कोणी न पाहिली तर अर्थातच लपते. दरबारखर्चही कोणापासून लपविलेला नव्हता.

आय.बी.एम.ने १९७८ साली हिंदुस्थानातील आपला पसारा आवरला, त्यामुळे या यंत्रांशी मराठी तरुणांची गाठ मोठ्या प्रमाणावर पडली ती पुढे, नव्वदीच्या दशकात, २००० सालच्या तारखांचा घोळ निस्तरण्यासाठी परदेशी बँकांचे काम मुंबई-पुण्याच्या कंपन्यांकडे आले तेव्हा. आजही नारायणगाव-मंचरच्या रस्त्याने सोमवारी पहाटे पुण्याकडे जाणाऱ्या मोटारींत अशी मुलेमुली बसलेली असतात, ज्यांचा दिवस सातासमुद्रापलीकडच्या एखाद्या मेनफ्रेमच्या नोंदी वाचण्यात जातो. ज्या यंत्राची तपासणी करावयाची ते त्यांनी पाहिलेले नसते, आणि ही मुलेमुली हुकूम सोडणाऱ्याच्या पगारावर नसतात. दुसरी गोष्ट दरकदाराला लागू पडणारी आहे, आणि माझ्या मते तपासणीचा सगळा अर्थ तिच्यात आहे. कुलूप कितीही भक्कम असो, किल्ली ज्याच्याकडे त्याच्याकडेच वही ठेवली की तपासणी संपली. हे बाजीरावाच्या मक्त्यांनी सिद्ध केले आणि २०० च्या पुढच्या क्रमांकांनी पुन्हा सिद्ध केले. पेशव्यांचे कारभारी हे जाणून होते आणि ते पाळण्यात अखेरीस कमी पडले. संगणकवाल्यांना ते कळावयास बारा वर्षे लागली, पण एकदा कळल्यावर त्यांनी ते यंत्रात पक्के बांधून टाकले. माझ्या मते दोघांत श्रेय द्यावयाचे झाले तर ते पहिल्यांनाच दिले पाहिजे, कारण त्यांच्याजवळ बोरू, शाई आणि जुन्नरी कागद याखेरीज काही नव्हते.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात सुमारे ३५ हजार रुमाल आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध केले, ते या संग्रहाचा अल्पसा अंश होत, आणि त्यांत राजकारणाचे कागद अधिक. रोजकीर्दी आणि प्रांत अजमास या विभागांतील हिशेब बव्हंशी न वाचलेले पडून आहेत. जुन्नर-आंबेगावच्या ज्या तरुणांना षोडशमान आकड्यांची पानेच्या पाने वाचून यंत्र कोठे अडले हे सांगता येते, त्यांना मोडी शिकण्यास फार दिवस लागणार नाहीत. वर्ग पुण्यात भरतात, पुरालेखागारात अर्ज केला की रुमाल पाहावयास मिळतो. आपल्या प्रांताचे दोनशे वर्षांपूर्वीचे हिशेब त्यांनी एकदा तपासून पाहावेत, आणि काय जुळले व काय जुळले नाही ते लिहावे.